जयनगरची आई

देवनहळ्ळीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा आमच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. खोकी तशीच पडून होती, गॅस यायचा होता, आणि खिडकीतून दिसणाऱ्या द्राक्षमळ्यात कोणीतरी प्लॉटचे दगड पुरत होतं. माझा नवरा हयवदन विमानतळावर कार्गोमध्ये कामाला. जयनगरहून रोज अख्खं बेंगळुरू ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं, यात तो पार पिचून गेला होता. ताटावर बसल्याबसल्या त्याचे डोळे मिटायचे. म्हणून ही हलवाहलव. पण घर हलवणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. आशूला शाळा मिळवताना मात्र आमचा जीव मेटाकुटीला आला.

आशू म्हणजे आश्लेषा, आमची चार वर्षांची मुलगी. जवळच्या दोन शाळांनी जागा नाहीत म्हणून गेटवरूनच वाटेला लावलं. तिसरीत थोड्या जागा होत्या, त्याही फक्त जवळपास राहणाऱ्यांसाठी. तिथेही नाही जमलं तर काय करायचं, ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. माझी नणंद सुप्रीता जयनगरच्या ज्या शाळेत शिकवते, तिथे आशूला घालायचं. आठवडाभर तिने आजीकडे राहायचं, शनिवार-रविवार आमच्याकडे यायचं. हयवदनला यात काही वावगं वाटत नव्हतं. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, म्हणाला. मी हातातलं खोकं दाणकन खाली ठेवलं. त्यात कपबशा होत्या. वर्षभरात पोर आईबापाच्या घरी पाहुणी होते, हे या माणसाला कोणी समजावायचं?

आता आमच्या घरातली एक तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. माझं सासर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं. मी निपाणीची. आमच्याकडे आईला आई आणि बाबांना बाबा म्हणतात, एवढं साधं. इथे मूल जे ऐकतं तेच उचलतं आणि कोणी दुरुस्त करत नाही. खुद्द हयवदन लहानपणी आपल्या वडिलांना 'भावजी' म्हणायचा, कारण त्याची काकू तसं म्हणायची. सुप्रीता हयवदनला अण्णा म्हणते आणि मला वैनी. सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो. आशू बोलायला लागली ती हेच ऐकत. म्हणून तिचा बाप झाला अण्णा, मी वैनी, आणि आजी झाली आई. शेजारच्या गंगव्वांना तर क्षमा नाही, वैनी हेच माझं नाव वाटायचं. मला ते कधी खुपलं नाही असं नाही. पण सकाळी डबे, दिवसभर लॅपटॉपवर ऑफिस आणि संध्याकाळी परत पोळ्या, यात खुपलेलं काढत बसायला वेळ कुणाला होता?

त्या तिसऱ्या शाळेत प्रवेशाचं बघणाऱ्या आगाशे बाई निघाल्या पुण्याच्या. आम्ही आपसात मराठी बोलतोय हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला, आणि मलाही हायसं वाटलं. म्हटलं, चला, आपलं माणूस भेटलं. आपल्या माणसानेच घोटाळा केला. त्या इंग्रजीत बोलल्या असत्या तर आशू गप्प बसली असती आणि निभावून गेलं असतं. पण बाईंनी तिला जवळ घेतलं आणि छान शुद्ध मराठीत विचारलं, तू कोणाबरोबर आलीस?

"अण्णा आणि वैनीबरोबर," आशू म्हणाली.

"अरे वा, दादा-वहिनी घेऊन आले? आणि आई कुठाय?"

"आई जयनगरला."

"मग तू कुठे राहतेस?"

"आईकडे."

पोरीचं एक अक्षरही खोटं नव्हतं. सामान लागेपर्यंत तिला जयनगरलाच ठेवलं होतं. बाईंचं हसू हळूहळू मावळलं. एक भाऊ आणि भावजय आईबाप बनून शाळेची जागा लाटायला आलेत, असं त्यांना वाटलं, आणि मराठी कळणाऱ्या कोणालाही तसंच वाटलं असतं. मी घाईघाईने सगळी वंशावळ समजावली. कार्डं काढली, जन्मदाखला काढला. त्यांनी ते नीट पाहिलं. तुम्हीच आई आहात हे पटलं म्हणाल्या, पण मूल शाळेजवळ राहतं हे काही त्यांना पटेना. भाड्याचे करार लोक कसेही करून आणतात, कागदापेक्षा त्या मुलाचं ऐकतात. गुरुवारी परत या, मी तिच्याशी पुन्हा बोलेन, एवढं सांगून त्यांनी पुढच्यांना आत बोलावलं.

घरी येऊन शिकवणी सुरू केली. मी कोण? वैनी. वैनी नाही, आई. आई तर जयनगरला आहे. चॉकलेट दिलं, रागावले, परत चॉकलेट दिलं. हयवदनने बाबा होऊन पाहिलं. ती त्याच्याकडे बघून खुदकन हसली आणि म्हणाली, अण्णा, तू बाबा नाहीस. तो खोक्यावर बसल्या जागी झोपून गेला. चार वर्षं जिचं सगळं केलं, तिला मी तुझी आई आहे हे पढवावं लागावं, याचा मला इतका संताप आला की न्हाणीघरात नळ सोडून मी रडून घेतलं.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या. मला ते झोंबलं. यांच्या मनासारखंच होतंय, असं वाटलं. मग सरी, म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. बुधवारी बस बदलत बदलत त्या एकट्याच दारात येऊन उभ्या राहिल्या. पिशवीत चटणीपूड, आणि केस नीट विंचरलेले. टेलिफोन ऑफिसात जन्म गेलेला, त्यामुळे कुठेही जायचं तर बाई टापटीप.

आशू 'आई' म्हणत धावली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी जरा लांबच धरलं आणि सांगितलं, मी आई नाही, मी अज्जी, आई ती बघ. आशूला आधी खेळच वाटला. ती हसून परत आई म्हणाली. त्यांनी तोंड फिरवून खोक्यातली भांडी काढायला घेतली. आशूने हाका मारल्या, पदर ओढला, शेवटी फरशीवर लोळण घेतली. त्या एकेक भांडं पुसून फळीवर मांडत राहिल्या. उचक्या लागेपर्यंत रडली पोर. मला बघवेना. राहू द्या आई, नको ती शाळा, असं मी म्हणून गेले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज ऑफिसातलाच होता. "तुला पोर तुझ्याजवळ पाहिजे ना, क्षमा? मग स्वल्प गप्प बैस."

त्यांच्याबद्दल जे मनात आणलं होतं त्याची लाज वाटली, आणि तेही बोलून दाखवण्याची ताकद उरली नव्हती.

गुरुवारी हयवदनला सुट्टी मिळाली नाही. त्या आमच्याबरोबर टॅक्सीत बसल्या. शाळेवरून पुढे त्यांना बसस्टँडवर सोडायचं ठरलं होतं. आत मात्र येणार नाही म्हणाल्या. मला बघितलं की ती विसरेल, असं त्यांचं म्हणणं. आशू त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. आदल्या दिवसापासून ती त्यांना कसलीच हाक मारत नव्हती.

आगाशे बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण?

आशूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आई."

या एका शब्दासाठी इतकं केलं, आणि तो आला तेव्हा दुसऱ्या कुणाचातरी ओढून आणल्यासारखा वाटला. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग जयनगरची आई कोण, असं त्यांनी विचारलं.

"ती आई आता नाही," आशू म्हणाली आणि तिचा ओठ थरथरला.

बाई एकदम गंभीर झाल्या. पेन खाली ठेवून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सासूबाई गेल्या का हो? परवा तर काही बोलला नाहीत. अचानक झालं?"

मी तोंड उघडलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं, वैनी कोण, अण्णा कोण, अज्जी कोण. परत यांचा चेहरा बदलायचा, परत एखादा गुरुवार. मी नुसती मान खाली घातली. त्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. बाईंनी मुलीला सांभाळा म्हणून सांगितलं आणि प्रवेशाच्या कागदावर सही करून तो माझ्या हातात दिला. बाहेर गाडीत बसलेल्या धडधाकट बाईला मी मान खाली घालून मारून टाकलं होतं. तरीही पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की जागा मिळाली. पोर माझ्याजवळ राहणार.

टॅक्सी गेटच्या आतच, झाडाखाली उभी होती. सासूबाईंनी काच खाली करून विचारलं, काय म्हणाली ती? मला आई म्हणाली, आणि तुम्हाला अज्जी, असं मी सांगून टाकलं. त्यातलं अर्धं तरी खरं होतं. सरी, बरं झालं, असं म्हणून त्यांनी पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधत राहिल्या. हाताला काही लागत नव्हतं.

तेवढ्यात आशू माझा हात सोडून गाडीत शिरली. त्यांच्या मांडीवर चढून तिने गळ्याला मिठी मारली आणि मोठ्याने हाक मारली, "आई."

सासूबाईंनी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. आगाशे बाईंच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग तिला पदराखाली ओढून घेत त्या तिच्या कानाशी म्हणाल्या, "थांब गं बाळा. गाडी गेटबाहेर जाऊ दे, मग म्हण."

मी पुढे बसले आणि ड्रायव्हरला गाडी जरा लवकर काढायला सांगितलं.