मोटारघरातल्या थापा

करुणा पक्ष्यांच्या आवाजांचा अभ्यास करत होती. आसगावच्या तलावाकाठी पाणी उपसायच्या पंपाचं एक बंद मोटारघर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर तिने माइक आणि छोटा कॉम्प्युटर बसवला. दर दहा मिनिटांनी एक मिनिट आवाज टिपायचा, एवढंच काम तिने स्क्रिप्टला लावून दिलं होतं.

आठवडाभरात घोळ लक्षात आला. स्क्रिप्ट एक मिनिट आवाज टिपायची आणि मग दहा मिनिटं झोपायची. टिपण्यात गेलेलं मिनिट ती धरतच नव्हती, त्यामुळे प्रत्येक फेरी आणखी उशिरा व्हायची. सकाळच्या एसटीचा हॉर्न एका दिवशी फाइलच्या सुरुवातीला यायचा, दुसऱ्या दिवशी शेवटी, तर तिसऱ्या दिवशी यायचाच नाही.

एक आवाज मात्र जागचा हलत नव्हता. प्रत्येक फाइल सुरू झाली की तीन थापा. दारावर आतून मारल्यासारख्या.

माइकचाच काही दोष असेल, असं समजून तिने स्क्रिप्ट तेवढी सुधारली. आता ती घड्याळ बघायची, पुढच्या फेरीला किती सेकंद उरलेत ते काढायची आणि तेवढंच झोपायची. वेळा चोख झाल्या. थापाही.

हिरालाल नावाचे शेतकरी शेजारच्या बांधीत धान कापत होते. करुणाने त्यांना विचारलं, "काका, या मोटारघरात कोणी येते का?"

"कोण येईन पोरी? कुलपाले जंग चढला. चाबी तं कवाच हरपली."

दोघं दाराजवळ जाऊन उभे राहिले. फेरीची वेळ झाली आणि दार थरथरलं. एक, दोन, तीन. हिरालालनी दगडाने कुलूप फोडलं. आत एक गंजका पाइप होता आणि जमिनीवर धुळीचा थर. धुळीवर पाऊल कोणाचंच नव्हतं.

करुणाने त्याच दुपारी सामान काढून कोंढा गावच्या तलावावर नेलं. तिथल्या फाइलींत फक्त पक्षी होते. ती जरा सावरते तोच हिरालालांचा फोन आला.

"पोरी, तुयी मशीन वापस आन."

"काहून? थापा बंद नाही झाल्या?"

"कायच्या बंद! दार उघडं हाये, तरी वाजून राहिल्या. अन् दरवेळी जराशा उशिराच. कवा वाजन, काही नेम नाही. बाया बांधीत यायले तयार नाही."

करुणाच्या लक्षात आलं. आत जे कोणी होतं, त्याला बघायला आता घड्याळ नव्हतं. ते थापा मारायचं, दहा मिनिटं मनात मोजायचं आणि पुन्हा मारायचं, तिच्या पहिल्या स्क्रिप्टसारखं.

दुसऱ्या दिवशी तिने सामान परत भिंतीवर बसवलं. हेडफोन पिशवीतच राहू दिला. बाया विळे घेऊन बांधावरच उभ्या होत्या. दहा मिनिटं भरली आणि थापा पडल्या. अगदी वेळेवर.

हिरालालनी श्वास सोडला. "झालं," ते म्हणाले, "आता पुढची थाप येतवरी आपन मोकळे." आणि ते धान कापायला वाकले.