हिरवी कड

थोरल्या जावेने धाकटीचं नाक कापलं ते घरात नव्हे, प्रयोगशाळेच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत. आणि वर गोड हसून!

"सर, मी स्वतः तपासलं. हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर हे प्रथिन नाहीच. जे नाहीच, ते अडवून गाठ थांबणार कशी?"

दोघी एकाच घरात नांदणाऱ्या आणि एकाच प्रयोगशाळेत राबणाऱ्या. धाकटीची सगळी मदार त्या प्रथिनावर. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात ते रुतून बसतं, बाहेरून वाढीचा निरोप आला की आत पोचवतं, आणि हाडातली गाठ फोफावते. ते अडवलं की वाढ मंदावते, हे तिने रक्त आटवून दाखवलं होतं. पण सरांना आणखी कुणाकडून तरी खात्री करून हवी होती. तपासणी सोपवली कुणाकडे, तर थोरलीकडे! झालं.

"मग उद्यापासून हे काम बंद," सर म्हणाले. "पेशी, औषधं, सगळं आवरून टाका."

धाकटी तडक थोरलीकडे वळली. "जाऊबाई, तपासलंत कसं?"

"अगं, तपासतात तसंच. आता तू शिकवणार का मला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. समोरची जाडजूड फाइल उचलून हिच्या डोक्यात घालावी, असं धाकटीला वाटलं.

मीटिंग संपताच ती तरातरा थोरलीच्या टेबलाशी गेली. सिंकशेजारी एन्झाइमची बाटली होती, अर्धी संपलेली. पेशी डिशच्या तळाला चिकटून वाढतात, त्या सोडवायला हे एन्झाइम ओततात. पण ते मेलं आंधळं! पेशी सोडवता सोडवता त्यांच्या अंगावरची प्रथिनंही छाटून टाकतं. म्हणजे आधी डोकं भादरायचं आणि मग म्हणायचं, हिला केस नव्हतेच कधी.

धाकटीने दोन डिश घेतल्या. एकीतल्या पेशी एन्झाइमने सोडवल्या, दुसरीतल्या चिकटलेल्याच ठेवल्या, आणि दोन्हींवर ते प्रथिन असेल तिथे हिरवा चमकणारा रंग घातला. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या डिशमध्ये नुसता काळोख. दुसरीत प्रत्येक पेशीला लखलखीत हिरवी कड.

"आहे! भरभरून आहे!" ती एकटीच ओरडली.

एकटी नव्हती. मागे थोरली उभी होती.

"चुकलं माझं," थोरली हळूच म्हणाली. "सरांना सांग, नजरचूक झाली. घरातलं घरात राहू दे."

"नजरचूक? मी इथे नवी आले तेव्हा हीच बाटली माझ्या हातातून हिसकावलीत तुम्ही! पडद्यावरचं प्रथिन शोधायचं तर हिला शिवायचंसुद्धा नाही, म्हणून दम भरलात मला."

थोरलीची मान खाली गेली नाही. "हो, भरला. बोट धरून आणलं तुला इथे. आणि आता सर उठसूट तुलाच विचारतात. घरी जेवायला बसलं की तिथेही तुझंच कौतुक. मला कुत्रं तरी विचारतं का?"

"म्हणून गाठी वाढू द्यायच्या लोकांच्या हाडांत?"

"लोकांचं नाव पुढे करून मला नीती शिकवू नकोस!"

आवाज ऐकून सर आत आले. धाकटीने त्यांना दोन्ही डिश सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या, एक एन्झाइमने सोडवलेली, एक तशीच ठेवलेली. त्यांनी वाकून आळीपाळीने दोन्ही पाहिल्या.

"अरेच्चा! मग काम चालूच ठेवा," ते म्हणाले आणि थोरलीकडे वळले. "तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाने एन्झाइम वापरलं? असो, होते कधीकधी. चूकच ना?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत चक्क विनवणी होती. काम तर वाचलंच होतं. संध्याकाळी एकाच ओट्याशी उभं राहायचं होतं दोघींना. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही सर," धाकटी म्हणाली, "चूक नाही. त्यांना माहीत होतं."