हलकं दप्तर

नागापूरच्या एका शाळेत मुख्याध्यापक शामकांत सरांनी पालकसभेला हाडांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या, दप्तर कमरेखाली लोंबू देऊ नका आणि त्या दिवशी न लागणारी पुस्तकं घरीच ठेवा." सगळ्यांत जोरात टाळ्या सरांनीच वाजवल्या.

कारखान्यात काम करणाऱ्या अजिनाथनं सभेहून घरी गेल्यावर लेकीचं दप्तर उपसलं आणि उद्या न लागणारी पुस्तकं बाजूला काढली. सुकन्या सकाळी उड्या मारत शाळेत गेली.

दुपारी तो डबा घेऊन आला, तर ती वर्गाबाहेर उभी. बाईंनी गणिताच्या तासाला अचानक भूगोल काढायला सांगितला होता आणि तिचा भूगोल घरी होता.

अजिनाथ तडक सरांकडे गेला. "सर, डाक्टरचं ऐकलं म्हनून पोरीला शिक्षा व्हय?"

"अहो, तो कार्यक्रम होता," सर समजुतीनं म्हणाले. "शिस्त वेगळी."

मग बाहेर येऊन त्यांनी सुकन्याला मायेनं सांगितलं, "पाठ ताठ ठेवून उभी राहा गं. मणक्याला चांगलं असतं."

अजिनाथनं लेकीला हाताला धरून वर्गात नेलं, जागेवर बसवलं आणि बाईंच्या टेबलावरचा भूगोल उचलून तिच्यापुढं ठेवला.