मला वाहिलेल्या अक्षता

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि मित्रांनो, आज मी तुमच्यासमोर फुशारकी मारायला बसलेलो नाही. फुशारकीनंच माझा घात केला. मुलुंडच्या एका शाळेच्या कपाटात मी राहतो. कपाटात अंधार असतो ते बरंच आहे, कारण मला तोंड दाखवायची लाज वाटते.

माझं काम तसं सोपं. फिल्मच्या लांब पट्टीवर हजारो बारकी चित्रं असतात. ती एकेक करून माझ्या दिव्यासमोर क्षणभर थांबतात, पुढे सरकतात, आणि पडद्यावरची माणसं चालू-बोलू लागतात. चित्र ज्या अरुंद फटीत थांबतं तिला गेट म्हणतात. गेट स्वच्छ हवं, एवढीच माझी अट. तिथे एखादा कण अडकला तर फिल्म अडते, फाटते, आणि अडलेली फिल्म दिव्याच्या उष्णतेनं जळते.

विज्ञान शिकवणारे नंदकुमार सर मला फार जपत. खेळ सुरू करण्याआधी ते मऊ ब्रशनं माझं गेट साफ करत. कधी धूळ राहिलीच, तर फिल्मच्या सुरुवातीला जी कोरी पट्टी असते तिच्यावरच मी अडून बसे. सर हसून म्हणत, "बाळ रुसलं वाटतं!" मग पुन्हा ब्रश फिरे आणि मी सुरळीत चालू लागे. या रुसण्यासाठी मला कधी कोणी शाबासकी दिली नाही. खरं तर माझ्या अंगात तेवढा एकच गुण होता.

१९८६ साली आमच्या भागातल्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून आठवडाभराचा महोत्सव ठेवला होता. त्यातली एक संध्याकाळ माहितीपटांची होती. तीन छोटे माहितीपट आणि ते दाखवणारा मी. तिसरा माहितीपट चंद्रप्रकाश, म्हणजे सगळ्यांचा चंदू, या आमच्याच वस्तीतल्या तरुणानं केला होता. विषय होता कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचा बाल्या नाच. पायात चाळ बांधून, गोल धरून पुरुष मंडळी गणपतीत नाचतात, तो.

खेळाआधी वस्तीतल्याच मालनबाई सरांकडे आल्या. सोबत त्यांची सात वर्षांची लेक उत्तरा होती, नवा फ्रॉक घालून.

"सर, ह्या नाचात हिचे बाबा हायत," मालनबाई म्हणाल्या. "जयवंत. हे शूटिंग झालं त्याच साली गेले ते. ही दोन वर्षांची होती, हिला काहीच आठवत नाही. घरात एक फोटो आहे, तोही कामाच्या कार्डावरचा, चेहऱ्यावर शिक्का बसलेला. चंदू सांगत होता, नाचता नाचता ते एकदा वळतात आणि हसतात. तेवढं हिला दाखवायचंय."

"पुढच्या रांगेत बसा," सर म्हणाले. उत्तरानं माझ्याकडे टक लावून पाहिलं. तिचे बाबा माझ्या आत बसले आहेत, असंच बहुधा तिला वाटलं असावं.

तेवढ्यात वाचनालयाचे कार्यवाह नाना तबक घेऊन आले. हार, हळदकुंकू, ओल्या कुंकवात घोळलेल्या अक्षता.

"अहो नाना, मशीनवर अक्षता नका टाकू," सर घाईघाईनं म्हणाले.

"असं कसं? सरस्वतीचंच काम करतंय ना ते? दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो, मग आज ह्याचा मान नको?"

सरांना वडीलधाऱ्या माणसापुढे बोलवेना. माझ्या कपाळी कुंकू लागलं, गळ्यात झेंडूचा हार पडला, अंगावर मूठभर अक्षता आल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला गुदगुल्या झाल्या. सरांनी नंतर अक्षता झाडल्या, तेव्हा मला त्यांचा रागच आला.

पहिला माहितीपट मिठागरांवरचा होता, दुसरा लसीकरणावरचा. दोन्ही छान झाले. तिसरं रीळ चढवताना हाराचा धक्का लागला आणि कुठेतरी चिकटून राहिलेला तांदळाचा एक दाणा घरंगळत थेट गेटमध्ये गेला. सरांना अंधुक उजेडात तो दिसला नाही. मला मात्र लगेच टोचला. समोर कोरी पट्टीच होती. अडून बसायची वेळ तीच. पण गळ्यात हार होता, समोर दोनशे माणसं होती. मानकऱ्यानं असं अडायचं? लोक काय म्हणतील? मी दात-ओठ खाऊन पट्टी पुढे रेटली.

पडद्यावर गोल फिरू लागला. चाळ वाजू लागले. "ते बघ, पाठमोरे, निळ्या बंडीतले!" मालनबाई म्हणाल्या. उत्तरा उठून उभी राहिली. निळी बंडी वळू लागली. खांदा दिसला, कान दिसला, आणि त्याच क्षणी दाणा आडवा झाला. फिल्म अडली. पडद्यावर तपकिरी फोड उठला, फुगला आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं भोक पडलं.

"लाइट लावा! लाइट लावा रे!" एकच गोंधळ उडाला. सरांनी माझा दिवा बंद केला, पण वेळ निघून गेली होती.

"दुसरी प्रत आहे ना चंदू?" त्यांनी विचारलं.

चंद्रप्रकाशचा चेहरा उतरला होता. "नाही सर. पैसे कुठे होते? कॅमेऱ्यातून निघालेली हीच एक."

सरांनी जळका, फाटका तुकडा कापला, टोकं चिकटवली आणि फिल्म पुन्हा लावली. निळी बंडी वळू लागली, एक हिसका बसला आणि पडद्यावर दुसराच माणूस हसत होता.

"आई, बाबा वळलेच नाहीत," उत्तरा म्हणाली.

सरांनी चिमट्यानं गेटमधला लाल दाणा काढून नानांच्या तळहातावर ठेवला. नाना खाली बसले. "मीच टाकल्या रे," एवढंच ते पुटपुटले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नाना, दोष माझा आहे, मला कळलं होतं. पण मला दुसऱ्यांचे आवाज ऐकवता येतात, स्वतःचा नाही.

सगळे पांगल्यावर सरांनी कापलेला तुकडा माझ्या दिव्यासमोर धरला आणि उत्तराला जवळ बोलावलं. नखाएवढ्या चित्रांत एक कान होता, अर्धा गाल होता, आणि पुढे जळून गेलेली भोकं. तिनं ती बोटानं मोजली. "बाबा हसायला लागले होते का?" तिनं विचारलं.

मालनबाईंनी तो तुकडा रुमालात बांधून घेतला. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि त्या मला हव्याच होत्या. पण त्यांनी मला हात जोडले. "पाठमोरे का होईना, ह्यानं दाखवले," त्या म्हणाल्या, आणि लेकीलाही नमस्कार करायला लावला.

मित्रांनो, त्या छोट्या जोडलेल्या हातांपुढे मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हणून सांगतो, यंत्राला मान देऊ नका, त्याला मानाचा मोह पडतो. त्याला फडक्यानं पुसा, आत डोकावून पाहा. आणि ते अडून बसलं तर रागावू नका. कोणाचं तरी काहीतरी ते वाचवत असेल. मी वाचवलं नाही.