रिकामे दोरे

अन्नपूर्णाबाईंनी दोरा बांधलेला देठ नुसता बोटानं हलवला, तर तो तुटून हातातच आला. त्यांनी पुढचा हलवला. तोही आला. फूल केव्हाच गळून गेलं होतं. मागे राहिला होता वाळका देठ आणि त्याला नीट गाठ मारलेला लाल लोकरीचा दोरा. ओळीच्या टोकापर्यंत त्या वाकून वाकून पाहत गेल्या. शेजारच्या ओळीत बोराएवढे टमाटे धरले होते आणि या ओळीत नुसते दोरे लोंबत होते.

ही ओळ अविनाशची होती. त्यांच्या मुलाची.

शेडनेटमध्ये टमाट्याचं बियाणं काढायचं म्हणजे मोठं निगुतीचं काम. दुपारी मादीच्या झाडावरच्या मिटल्या कळीतून चिमट्यानं पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे ते फूल आपलं आपण फळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलांची पूड बोटावर घेऊन त्याला लावायची आणि लावल्याची खूण म्हणून दोरा बांधायचा. पूड न लावता कुणी नुसताच दोरा बांधला, तर आठवडाभर तरी कुणाला पत्ता लागत नाही. देऊळघाटच्या बायका गप्पांच्या नादात एखादं फूल विसरतात, ऊन झालं की आळसही करतात; पण अशी लबाडी आजवर कुणी केली नव्हती. कारण त्यात कुणाचाच फायदा नाही. मेहनत तेवढीच पडते.

अन्नपूर्णाबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ह्यांनी पाहायच्या आत दोरे काढून टाकावेत. त्यांचे यजमान इंद्रभान खत आणायला बुलढाण्याला गेले होते. बाईंनी पदराची ओटी केली आणि त्या एकेक दोरा ओढून तिच्यात टाकू लागल्या.

अविनाश पुण्याहून परत आला त्याला तीन महिने होत आले होते. कॉम्प्युटरवरची चांगली नोकरी होती, कुणी काढलंही नव्हतं. एक दिवस बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सोडली." का, तर त्यात काही अर्थ नाही. मग हळूहळू कळत गेलं, की त्याला कशातच अर्थ दिसत नाही. लग्नाचं विचारलं, तर "काय फरक पडते?" भाजी कोणती करू विचारलं, तरी तेच. चिडून म्हणाला असता तर बाईंनी समजून घेतलं असतं. पण तो हसून, अगदी समजुतीनं म्हणायचा. त्या हसण्याची त्यांना भीती वाटायची.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आईबापांना बाजूला घेऊन सांगितलं, की त्याला टोचून बोलू नका, सांभाळून घ्या. दोघांनी ते इतकं मनावर घेतलं, की घरात कुणी कुणाशी मोठ्यानं बोलेनासं झालं. ज्या इंद्रभानची हाक चार शेतं ओलांडून जायची, तो माणूस टीव्ही लावायच्या आधी पोराच्या तोंडाकडे पाहू लागला. अविनाशनं ताटात अर्धी भाकर टाकली, तर बाई मुकाट्यानं ताट उचलत. फवारणीच्या विषारी औषधाच्या बाटल्या कोठीतून निघून, कामावर येणाऱ्या शेजारच्या वच्छलाबाईंच्या घरी कुलपात गेल्या. त्याला हे कळत नसेल असं त्यांना वाटत होतं.

कामावरची एक बाई कमी पडली, तेव्हा त्यांनी भीतभीत त्याला विचारलं. तो उठून आला. नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून आला असेल. पण त्याचा हात असा स्वच्छ चालायचा, दोऱ्याच्या गाठी अशा एकसारख्या पडायच्या, की बाईंना आभाळ ठेंगणं झालं. "लागला वो बाई जीव पोराचा," असं त्या वच्छलाबाईंना सांगून बसल्या. देवीला नारळही बोलून ठेवला.

जाळीचं दार वाजलं. दुपारच्या कळ्या काढायला अविनाश चिमटा घेऊन आत आला. त्यानं आईची ओटी पाहिली, मग ओळीकडे पाहिलं आणि तिथंच थांबला.

"पूड नाही लावली तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकाही फुलाले?"

"या ओळीत नाही लावली."

"काऊन रे?"

खोटं बोलायचा त्याचा इरादा दिसत नव्हता.

"पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "लावली काय अन् नाही लावली काय. हे बी आपण खात नाही, आपण पेरत नाही. कंपनी घेऊन जाते. जो पेरते, त्यालेही त्याच्यातून पुन्हा तसंच बी धरता येत नाही. एका हंगामात खतम. मंग कोणासाठी करून राह्यलो आपण हे?"

अन्नपूर्णाबाईंनी उत्तर शोधलं. मनापासून शोधलं. तीन महिने त्या हेच शोधत होत्या, भाकरी थापताना, अंघोळीचं पाणी तापवताना. आता पोरानंच तोंडावर विचारलं. तेव्हा आला तो राग.

"कोणासाठी, ते मले नाही समजत," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चढला. "पण कळी तं आपण उघडली नं? तिचं होतं नव्हतं ते सारं आपल्या हातानं काढलं. आता ते फूल आपल्या भरोशावर राह्यलं, अन् तू त्याच्या गळ्यात नुसता दोरा बांधून मोकळा झाला? वच्छलाबाईची कंबर गेली रे तुह्यासंगं या ओळीतल्या कळ्या काढू काढू! तिचं तरी पाह्यचं होतं. तुले कशाचंच काही नाही वाटत, तं नको वाटू दे. मंग आमच्यात आला कशाले? राह्यचं होतं तिकडंच!"

पलीकडच्या ओळींत कळ्या काढणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. अविनाश आईकडे पाहत होता.

"रागावली तू," तो हळूच म्हणाला.

चिमटा त्यानं तारेला अडकवला आणि तो दार उघडून बाहेर निघून गेला.

मग आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी स्वतः इंद्रभानला कितीदा डोळ्यांनी दटावलं होतं. आणि शेवटी घाव घातला तो त्यांनीच. शेडनेटच्या मागं विहीर होती. बाटल्या कुलपात ठेवता येतात, विहीर कुठं ठेवणार?

त्या धावत सुटल्या. ओटीतले दोरे वाटेत सांडले. विहिरीच्या काठाला दोन्ही हात टेकून त्यांनी आत पाहिलं. पाणी शांत होतं. मोटारीचा पाइप, त्याला अडकलेला पाला, बाकी काही नाही. तरी त्यांची नजर पाण्यावरून हलेना. शांत पाण्यावर कसा भरवसा ठेवायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

मग त्यांनी मान वर केली, आणि बांधापलीकडे नराच्या झाडांच्या वाफ्यात त्यांना पांढरा शर्ट दिसला.

अविनाश उकिडवा बसून फुलं तोडत होता. मांडीवर रुमाल पसरला होता आणि एकेक पिवळं फूल तो त्याच्यावर टाकत होता. नराची फुलं तोडायचं काम इंद्रभानचं. दिवस कलला, की ते फुलं तोडत आणि रात्रभर बल्बखाली वाळत घालत. त्यांचीच सकाळी पूड निघे. आज ते अजून परतले नव्हते.

बाई जवळ गेल्या.

"काय करून राह्यला?"

"बाबा नाही आले नं अजून," तो मान वर न करता म्हणाला. "सकाळी पूड लागन."

त्या त्याच्याशेजारी खाली बसल्या. त्याला जवळ घ्यावं, मघाचं सारं मागं घ्यावं, असं त्यांना वाटलं. त्याचं हे बोलणं खरं मानावं, की हेही तो नुसतं पाहून राह्यला होता, ते त्यांना कळेना. कळायला काही मार्गही नव्हता. उद्या सकाळी तो उठेल न उठेल, ते त्यांच्या हातात नव्हतंच.

त्यांची नजर रुमालावर गेली. निम्मीअधिक फुलं शिळी होती, पाकळ्या विटून मागं वळलेल्या. त्यांच्यातली पूड कधीच झडून गेली होती. कालपर्यंत त्या 'बरं केलं रे बाबा' म्हणाल्या असत्या आणि त्याची पाठ फिरल्यावर गुपचूप फेकून आल्या असत्या.

"हे काय तोडलं?" त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी तसाच रेटला. "सारे शिळे आहेत. डोळे फुटले काय तुहे? फेक ते!"

अविनाशनं रुमाल वाफ्यात झटकला. मग शेजारची फांदी हातात धरून तिच्यावरची फुलं तो निरखून पाहू लागला.

"मंग कोणते घेऊ?" त्यानं विचारलं.