तालमीत न म्हणायचं वाक्य

ऑरिन हॅस्केटबद्दल न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आता जो तो बोलतो. पडत्या काळात ज्यांनी त्याला रस्त्यात ओळख दाखवली नाही, तेच आज ‘आमचा ऑरिन, आमचा ऑरिन’ करून गळे काढतात. मेल्यांनो, तेव्हा कुठे होतात? मला विचारा. मी लव्हिनिया टटल. नाटकांत आया, आत्या आणि मोलकरणी करण्यात माझा जन्म गेला, आणि त्याने लिहिलेल्या चारही नाटकांत मी होते.

पहिलं नाटक १९०६ सालचं. ओहायोतून आलेला हा लुकडा माणूस, कोटाला धड बटणं नाहीत, आणि नाटक असं चाललं की अख्खा हिवाळा दारात गाड्यांची रीघ. ऑरिनने फरची कॉलर घेतली, लिफ्टवाल्या हॉटेलात राहायला गेला, महागड्या ऑयस्टरशिवाय जेवेना. मी म्हटलं, “ऑरिन, जरा जपून. आज डोक्यावर घेतात तेच उद्या आपटतात.” तो म्हणाला, “बाई, तुम्ही नुसती नजर लावता.” घ्या! भलं सांगायला जावं तर हे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाटकाचं अगदी शेवटचं वाक्य तालमीत कधी म्हणायचं नाही. ते पहिल्यांदा उच्चारायचं ते पहिल्या प्रयोगाला, भरल्या थिएटरात. तोवर ज्याचं वाक्य असेल त्याने ‘आणि मग ते’ एवढं पुटपुटून गप्प राहायचं. तालमीत म्हटलं की नाटक तिथेच संपलं, आणि संपलेलं नाटक बघायला कोण येतो? हसायचं तर हसा. मी तीस वर्षं ही रीत पाळली आहे आणि पाळणार.

दुसऱ्या नाटकात बॉस्टनची एक दीडशहाणी पोरगी होती. तिने तालमीत ते वाक्य ठणठणीत म्हटलं, वर खिदळली. नाटक आठवड्यात बंद. तिसरं तर न्यूयॉर्कला पोचलंच नाही, त्याआधी हार्टफर्डला केलेल्या प्रयोगांतच मेलं. त्यात कोणी काही आगाऊपणा केला नव्हता, पण ऑरिनच्या मनाने धसका घेतला तो घेतलाच. फरची कॉलर गेली. माझ्याच बोर्डिंगमध्ये वरच्या कोंदट खोलीत तो राहायला आला आणि बीन्स खाऊ लागला.

चौथं नाटक फेल्शरसाहेबांनी घेतलं. ते आमचे निर्माते, जीभ म्हणजे कातरी. सगळ्यांसमोर म्हणाले, “हॅस्केट, हे पडलं तर या गल्लीत पुन्हा दिसू नकोस. दुसरा कोणी दारात उभा करणार नाही तुला.” आणि ते खरंच होतं. एका पडलेल्या नाटकाला लोक माफ करतात, तीन पडली तर नाही.

नाटक असं. एका मुलाने रागाच्या भरात पिठाची गिरणी पेटवली आहे आणि आतला रखवालदार जळून मेला आहे. मुलगा पळत घरी येतो, आईच्या पायाशी पडतो, सगळं सांगतो. दारावर त्याला पकडायला आलेल्या शेरीफची थाप पडते. आई दाराकडे बघते आणि एक वाक्य म्हणते. पडदा. आई मी. आणि माझ्या हातातल्या कागदावर थापेनंतर कोरं.

“ऑरिन, माझं वाक्य?”

“ते पहिल्या प्रयोगाला कानात सांगेन. कागदावरही नको.”

एरवी फेल्शरसाहेबांनी त्याला उलटा टांगला असता. पण ते आमच्यातलेच, शकुन-अपशकुन मानणारे. नव्या नाटकाच्या दिवशी टोपी पलंगावर ठेवत नाहीत, मेकअपच्या खोलीत कोणी शिट्टी वाजवली तर हाकलून देतात. त्यांना ही खबरदारी पसंतच पडली. म्हणाले, “शाबास! आता कसं शहाण्यासारखं वागलास.”

मुलाचं काम एमेट क्रेल करत होता, देखणा आणि वात्रट. रोज विचारायचा, “टटलबाई, वाचवणार ना मला? की देणार फासावर?”

“तुझ्यासारखा मुलगा असता तर दोरी मीच विणली असती.”

सगळे हसायचे. ऑरिन हसायचा नाही. तो रिकाम्या खुर्च्यांत अगदी मागे, अंगात ओव्हरकोट घालून बसायचा. शेवटी टेबलावर काठी आपटून थाप वाजवली की तो उठून बाहेर जायचा. दर वेळी. एकदा मी मागोमाग गेले, तर जिन्यात भिंतीला कपाळ टेकून उभा. तोंडाचा रंग उडालेला. “बरं नाही का रे?” “बरं आहे, बाई. कशी वाजली ती थाप? मोठी होती का?”   मी मनाची समजूत घातली की दोनदा पोळलेला माणूस आहे, घाबरायचाच.

पहिल्या प्रयोगाला थिएटर खचाखच भरलं. दोन अंक सुरेख गेले, दुसऱ्या अंकात त्या रखवालदाराच्या बायकोबरोबरचा माझा प्रवेश संपला तेव्हा खालच्या बायका रुमाल काढून बसल्या होत्या. तिसऱ्या अंकाआधी मी विंगेत ऑरिनला गाठलं.

“हं, सांग आता.”

तो घामाने भिजला होता. “बाई, माझ्याकडे नाही.”

“काय नाही?”

“वाक्य. नाहीच आहे. लिहितो आणि खोडतो. ती काय म्हणेल तेच मला कळत नाही.”

“अरे गाढवा, मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होतीस?”

“लिहिलंय का, असं कोणी विचारलंच नाही.”

खरंच, तेवढं कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतंच. त्या चांगल्या रीतीच्या आड हा लपून बसला होता, आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो. असा संताप आला की तिथेच थोबाडीत द्यावी.

“तुम्हीच म्हणा,” तो म्हणाला. “तुम्हाला त्या वेळी वाटेल ते. मी इथे उभा राहून ऐकतो.”

“आणि नाटक पडलं तर?”

“नाटकाचं मरू द्या हो.” असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तिसरा अंक कसा गेला देव जाणे. एमेटने माझा झगा मुठीत धरला, सगळं कबूल केलं, रडला. मग थाप पडली. एमेट वर माझ्याकडे बघतोय, समोर अंधारात एवढी माणसं श्वास रोखून बसलीत, आणि माझं डोकं रिकामं. मी विंगेकडे पाहिलं. ऑरिन हात खाली सोडून उभा होता, शाळेत छडी खायला उभं केलेल्या पोरासारखा. मला त्याचा राग होता. मला ती रखवालदाराची बायकोही आठवली, तिला मी नुकतीच धीर देऊन आले होते. मी मान ताठ केली आणि म्हटलं, “या आत. दार उघडंच आहे.”

पडदा पडला.  मला वाटलं, संपलं, बुडवलं मी याला. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की एमेटने मला उचलून गिरकी घेतली. ऑरिनला ओढून पुढे आणलं, त्याने वाकून नमस्कार केला, पण त्याची नजर कुठेच ठरत नव्हती.

सकाळी मी खाली पॅनकेक खात होते. सगळ्या वर्तमानपत्रांनी त्या शेवटच्या वाक्यासाठी ऑरिनला डोक्यावर घेतलं होतं. तो येऊन समोर बसला, बाहेर जायच्या कपड्यांत.

“हस की रे मेल्या! आता दहा वर्षं तुला मरण नाही.”

“तुम्ही असं का म्हणालात, बाई?”

“सुचलं ते म्हटलं. का, चुकलं?”

“नाही. आईने तसंच म्हणायला हवं. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं, एवढंच.” त्याने माझ्या बशीकडे बघत सांगितलं, “ती पिठाची गिरणी नव्हती. आमच्या गावातला कपबशांचा कारखाना होता. माल बांधायला माळ्यावर पेंढा भरलेला असतो. मला कामावरून काढलं होतं. आत कोणी आहे हे मला माहीत नव्हतं.”

मी काटा खाली ठेवला. “गप्प बस, ऑरिन. मी काही ऐकलं नाही. तू वर जा आणि झोप.”

“तुम्ही दार उघडलंत ना, बाई,” तो शांतपणे म्हणाला. तो दुपारच्या गाडीने ओहायोला गेला आणि शेरीफसमोर जाऊन उभा राहिला.

ते छापून आलं तशी तिकिटांसाठी मारामारी सुरू झाली. फेल्शरसाहेब खुशीत हात चोळत आले, “बाई, उन्हाळ्यापर्यंत आता मागे बघायला नको!” मी केसांचा ब्रश फेकून मारला. वाक्य बदलते म्हटलं, तर म्हणाले, “खबरदार! लोक त्या वाक्यासाठी येतात.” म्हणून रोज थाप पडे आणि रोज मी दार उघडून देई. ऑरिनला जन्मठेप झाली त्या दिवशीसुद्धा.

त्यानंतर एका बुधवारी, दुपारचा खेळ संपल्यावर, एक ठेंगणी म्हातारी माझ्या खोलीत आली. डोक्याला काळं बॉनेट, हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी.

“मी ऑरिनची आई,” ती म्हणाली. “ते शेवटचं त्याने लिहिलंय का हो?”

खोटं बोलावंसं वाटलं. पण तिच्या डोळ्यांपुढे जीभ वळेना. “नाही. ते माझं आहे. त्याला सुचत नव्हतं.”

तिने सुटल्यासारखा श्वास टाकला आणि खुर्चीत बसली. “तरीच. मला वाटलं, पोराला मी दार उघडून देणारी आई वाटले की काय.”

मी पाण्याचा पेला पुढे केला. तो तिने घेतला नाही.

“ते आले होते हो तेव्हा, कारखाना जळाला त्या वेळी. शेरीफ आणि बरोबर दोघं. हा घरच्या माळ्यावर झोपला होता. कपड्यांना धुराचा वास येत होता, ते मी चुलीत घातले होते. थाप पडली. मी दार एवढंसं उघडलं आणि म्हटलं, तो घरात नाही, दोन दिवस झाले मामाकडे गेलाय. बायबलवर हात ठेवून सांगितलं.”

“आणि त्याला हे माहीत नाही?”

“तो कधी बोलला नाही, मग मीही नाही. मला वाटलं, त्याला कळलं असेल. आईने दार लावलंय हे मुलाला कळत नाही का?” तिने बरणी टेबलावर ठेवली. “उद्या तुरुंगात भेटायला सोडणार आहेत. सांगू का त्याला? तुम्ही सांगा, तुम्ही त्याला ओळखता. सांगू का?”

मी एवढी तोंडाळ बाई. उठून आधी खोलीचं दार लावून घेतलं.