कडूबाईचं जिरॅनियम

शेतातलं पाणी ओसरलं, त्या दिवशी सुग्रीवला कळलं, कडूबाईचं जिरॅनियम गेलं. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, आता तिचं पीकही गेलं. गावात जिरॅनियम बऱ्याच जणांकडं होतं, पण गुलाबाच्या वासाचं हे एकच. कडूबाईनं पानं चुरगाळून चुरगाळून निवडलेलं. पानांतून सुगंधी तेल काढायची भट्टी सुग्रीवची, पण नाक तिचं.

मुळ्या पार सडल्या होत्या. एका फांदीचा शेंडा तेवढा हिरवा. तो मातीत लावला तर सडणार, म्हणून त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळला आणि केजची जीप धरली.

केजात नबी फळवाल्याच्या पोरीनं, लुबनानं, टिश्यू कल्चरची लॅब काढली होती. तिनं शेंड्यातला टाचणीच्या डोक्याएवढा कोंब काढून बाटलीतल्या गोड, पांढुरक्या जेलीत ठेवला.

"काका, यात फुटव्याचं हार्मोन हाय. कोंब वाढले की दुसऱ्या बाटलीत मुळ्यांचं."

"दोन्ही एकदमच घाल की. कालवणात मीठ-मिरची एकदमच पडते."

"मंग नुसती गाठ होईल, झाड न्हाई."

कोंबाला फुटवे आले. लुबना फोनवर बोलायला बाहेर गेली आणि सुग्रीवनं झाकण काढून बाटलीत नाक घातलं. भट्टीवाल्याची खोड, हुंगल्याशिवाय माल घेत नाही. पुढच्या खेपेला बाटलीत पांढरी बुरशी.

"काका, बाटली कावून उघडली?"

"वास तिचाच हाय का बघितलं."

"आला का मंग?"

"कशाचा! साबुदाण्याच्या खिरीसारखा आला."

लुबनाला हसू आवरेना. सुग्रीव मात्र मान खाली घालून उभा होता. मग तिनं वरच्या फळीवरून दुसरी बाटली काढली. "हिच्यात थोडे फुटवे आधीच वेगळे काढून ठेवले होते. तुमच्या नाकाचा मला भरवसा नव्हता!"

त्या फुटव्यांना मुळ्या आल्या. सावलीत, प्लास्टिकखाली रोपं हळूहळू बाहेरच्या हवेला सरावली.

"घाला आता नाक," लुबना म्हणाली.

सुग्रीवनं पान चुरगाळलं. गुलाब! तो इतक्या मोठ्यानं हसला की शेजारचा पंक्चरवाला डोकावला.

परतीच्या जीपमध्ये रोपांचा ट्रे मांडीवर होता. गावचा बद्रीनाथ म्हणाला, "काय आप्पा, अत्तर लावून सोयरीक बघाया गेलता का?"

"घरच्याच सोयरिकीला गेलतो," म्हणत सुग्रीवनं ते चुरगाळलेलं पान सगळ्या जीपभर फिरवलं.

रोपं आता उंचवट्यावर जोमानं वाढलीत. कडूबाई गेल्यापासून भट्टी पेटलेली नाही. तेल काढायचं तेवढं राहिलंय.